डावीकडची सडक

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना बसच्या खिडकीतून संत्र्याचा वास आत येतो. मोहगावच्या आसपास कुठेतरी झाडाखाली ढीग घातलेला असतो. बाया बसून निवड करत असतात, बाजूला उभ्या ट्रकमध्ये वाळलेलं गवत पसरलेलं असतं. साल फुटलेल्या संत्र्याचा वास थोडा गोड, थोडा डोळ्यांना झोंबणारा. दुसऱ्या कोणाला त्या वासाने काय आठवत असेल ते असो, मला मात्र धूळ बसून तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आठवतो. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात हे दोन्ही वास आईच्या घरातल्या एकाच खोलीत होते.

कॉम्प्युटर माझा. नागपूरला शिकत असताना गेम खेळण्यासाठी म्हणून एकेक भाग जमवून मी तो जुळवला होता. पुढे लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. सासरच्या घरात त्या अवजड पेटीला जागा नव्हती, म्हणून तो सौंसरला आईकडेच राहिला. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि वर्षभर त्याच्याकडे पाहिलं नाही.

आई रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत बाई होती. सगळी नोकरी तिने तिथेच काढली, आणि बरीच वर्षं सौंसरहून स्कूटीनेच जाणं-येणं केलं. बाबा गेले, ती निवृत्त झाली, पण स्कूटी सुटली नाही. रामाकोन्याजवळ आमचा छोटासा संत्र्याचा बगीचा आहे. तिकडे तिची रोजची फेरी असायची. गावात कोणाला लिफ्ट हवी असली तर बाईंची स्कूटी थांबायची. घरात एकटी राहते म्हणून कोणी कीव करायला लागलं की ती विषय बदलायची.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रुमाल काढून गेम लावला. ट्रक चालवायचा खेळ होता. एका गावी माल भरायचा, दुसऱ्या गावी पोचवायचा. आई भाजी निवडत मागे येऊन उभी राहिली.

"याच्यात जिंकते कोण?"

"कोणी नाही. माल पोचला की झालं."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि भाजीची परात बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसली.

सुट्टी संपेपर्यंत ती ट्रक चालवायला शिकली. पुढच्या खेपेला मी तिच्यासाठी टेबलाला लावायचं स्टीअरिंग नेलं. खेळात देश निवडता येत होता. तिने असा देश निवडला जिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालते. मग रोज दुपारी चहा झाला की ती निघायची. कुठल्या कुठल्या परक्या गावांना लाकडं, दूध, सिमेंट पोचवायची. वाटेतल्या गाड्यांशी वर्गातल्या पोरांशी बोलावं तसं बोलायची. "सरक ना बापा, काऊन आडवा येऊन राहिला?" मी फोन केला तर म्हणायची, "आत्ता नको. घाटात आहे."

त्या वर्षी दिवाळीनंतर मी तिच्यासाठी नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं. जुनं आता दमत होतं. ट्रक गावात शिरला की चित्र अडखळायचं. रविवारी पेटी उघडून मी नवीन कार्ड बसवलं आणि आईला बोलावलं. खेळात पाऊस पडत होता. ओला रस्ता चकाकत होता, काचेवर थेंब येत होते, वायपर ते पुसत होता. आई काही वेळ गाडी न चालवता नुसती पाहत राहिली.

"हे तर खरंच वाटून राहिलं वो."

त्या संध्याकाळी मी समाधानाने पांढुर्ण्याला परतले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. गाडी चालवता चालवता पडदा एकदम काळा झाला, पेटीतले पंखे कूलरसारखे घोंघावायला लागले आणि कॉम्प्युटर आपणच बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्यानंतर रोज तेच व्हायला लागलं.

मग माझा प्रत्येक रविवार त्या पेटीसमोर गेला. मला बिघाड शोधायला आवडतं. त्यात चिडून उपयोग नसतो आणि घाईचाही नसतो. मी वर्गात मुलांना समीकरण सोडवायला शिकवते तोच नियम इथेही चालतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर मुळापासून काढून मी नवीन टाकलं. तरी बंद पडला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने त्यांचे सोनेरी दात घासले आणि एकेक लावून पाहिली. तरी बंद पडला. पेटीचं झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावला, कारण मला वाटलं तापत असेल. तापत नव्हतं. आई मागून विचारायची, "सापडलं?" मी नाही म्हणायचे. ती स्वयंपाकघरात जायची.

"बंद पडला तेव्हा तू काय करून राहिली होती?" मी एकदा विचारलं.

"काही नाही ना वो. गावात शिरली, मोठाल्या इमारती आल्या, झालं. काळं." मग जरा थांबून म्हणाली, "दुसरं एक सांगू? या नव्या कार्डानं गाड्या एकदम उगवून राहिल्या."

"उगवून म्हणजे?"

"डाव्या हातच्या सडकेवरून येतानी दिसतच नाही. सीध्या समोरच येऊन उभ्या राहतात. पहिले असं नव्हतं."

असं होतं. कार्डाला चित्र वेळेवर काढता आलं नाही की घरं, झाडं, गाड्या दुरून येत नाहीत, जवळ आल्यावर अचानक प्रकट होतात. गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं. मी ती तक्रारही कार्डाच्याच खात्यावर टाकली आणि चित्राची बारकाई थोडी कमी करून ठेवली.

बाहेर तोड जोरात चालू होती. आमचा माल एका व्यापाऱ्याने झाडावरच घेतला होता, तरी आई रोज स्कूटीने बगीच्यात जायची. त्याची माणसं झाडांच्या फांद्या मोडतात का, कच्ची फळं ओढतात का, यावर तिची नजर असायची. येताना पायदानावर संत्र्यांची थैली असायची. कॉम्प्युटरच्या खोलीतच ती फळं पसरून ठेवायची, त्यामुळे मी पेचकस फिरवत असताना मागून तो वास यायचा.

एका रविवारी ती तणतणतच घरी आली. "ट्रकवाल्यायले काही रीत नाही राहिली. सडकेवर एकदम डावीकडून काढली त्यानं. हॉर्न नाही, काही नाही. थोडक्यात वाचली मी." मी पण त्या न पाहिलेल्या ट्रकवाल्याला शिव्या दिल्या. मग ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि दाराच्या डाव्या चौकटीला ट्रे धडकून अर्धा चहा सांडला. "हा दरवाजाच मुळात अरुंद आहे," ती म्हणाली. तिच्या डाव्या कोपरावर निळा डाग होता. तो कशाचा विचारलं तर तिला आठवेना. फरशी पुसून मी पुन्हा पेटीत डोकं घातलं.

शेवटी आम्ही भूषणला बोलावलं. भूषण सौंसरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो आईच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे तिच्या घरात येऊन खुर्चीवर बसायला तयार नव्हता.

"बाई, लाइटचा प्रॉब्लेम असन. आता साऱ्या वावरात मोटरी चालू हायेत. व्होल्टेज पडते."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. त्याने दुकानातला स्टॅबिलायझर आणून लावला. दुपारी आईचा ट्रक एका शहरात शिरला आणि पडदा काळा झाला. भूषण कपाळ खाजवत उभा राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा सुरुवातीपासून पाहायचं ठरवलं. त्याने टॉर्च धरला आणि मी प्रत्येक वायर कुठून निघून कुठे जाते ते बोट फिरवत पाहू लागले. नव्या कार्डाला वीज घ्यायला दोन तोंडं होती. मी दोन्हीकडे एकाच वायरच्या दोन शेंड्या लावल्या होत्या. जुन्या कार्डाला एकच तोंड होतं, त्यामुळे मला कधी विचार करावा लागला नव्हता.

"एका वायरीवर दोघायचा भार," भूषण म्हणाला.

गावात शिरलं की चित्र जड होत होतं, कार्ड एकदम जास्त वीज ओढत होतं, त्या एका वायरीला तो झटका झेपत नव्हता आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होत होतं. पेटीतच दुसरी वायर गुंडाळून पडलेली होती. ती लावली. इतके रविवार ज्यासाठी गेले ते काम चहा उकळेपर्यंत संपलं. भूषण स्टॅबिलायझर काखेत मारून गेला. आईने त्याला बळंबळं थैलीभर संत्री दिली.

त्या दुपारी ट्रक बंद पडला नाही. आई एका शहरातून दुसऱ्या शहरात गेली, पुलांवरून, बोगद्यांतून गेली. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. आता मला काहीच करायचं नव्हतं, म्हणून मी रस्ता पाहत होते. पुढे एक फाटा होता. डावीकडच्या सडकेवरून एक पिवळी गाडी येत होती. शेतांच्या पलीकडे होती तेव्हापासून मला ती दिसत होती. आई वेग कमी करील असं वाटलं. तिने केला नाही. ट्रक सरळ त्या गाडीवर गेला.

"पाहिलं?" आई माझ्याकडे वळून म्हणाली. "उगवली का नाही?"

"आई, ती तर केव्हाची येऊन राहिली होती."

"कुठं? नव्हती."

मी स्टीअरिंग घेतलं आणि त्याच फाट्यावर पुन्हा गेले. डावीकडून गाड्या नीट येत होत्या. दुरून लहान दिसत, जवळ आल्या की मोठ्या होत. मी स्टीअरिंग परत तिच्या हातात दिलं. आता मी पडद्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. डावीकडून एक गाडी निघाली, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं. आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. गाडी पडद्याच्या मध्यावर आली आणि ती दचकली.

मी तिला खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसायला सांगितलं.

"हे काय नवीन?"

"माझ्या नाकाकडे पाहा. फक्त नाकाकडे. संत्रं दिसलं की सांग."

मी एक संत्रं घेऊन तिच्या उजवीकडून हळूहळू आणलं. हात अजून लांब असतानाच ती म्हणाली, "दिसलं." मग डावीकडून आणलं. ती वाट पाहत होती. संत्रं तिच्या खांद्यापुढे आलं, गालाजवळ आलं. ती माझ्या नाकाकडे पाहत शांत बसली होती, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बसावं तशी. संत्रं जवळजवळ माझ्या नाकासमोर आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, आता."

मी तिचा एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच झालं. डोळा बदलूनही बिघाड बदलत नव्हता. म्हणजे तो डोळ्यात नव्हता, डोळ्यांच्या मागे कुठेतरी होता. हे मला इतक्या थंडपणे सुचलं याचं नंतर नवल वाटलं. त्या वेळी हातातलं संत्रं कुठे ठेवावं तेवढंच मला कळत नव्हतं.

"काय झालं वो?"

"काही नाही."

"काही नाही काय? जन्म गेला माझा पोरांचे तोंडं वाचण्यात."

"तुले डावीकडचं दिसून नाही राहिलं, आई."

"कॉम्प्युटरमध्ये?"

"सगळीकडे."

मागे ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं. आई उठली, डाव्या हाताने चौकट चाचपत दारातून बाहेर गेली आणि अंगणात उभ्या स्कूटीपाशी थांबली. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, "मग आज बगीच्यात कोण जाईन?"

आम्ही बगीच्यात गेलो नाही, लगेच गाडी करून नागपूरला गेलो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. मागच्या बाजूला एक छोटासा भाग रक्त न पोचल्याने गेला होता. केव्हा ते नेमकं सांगता येणार नाही, म्हणाले, बहुतेक काही आठवड्यांपूर्वी.

"पण मले तर काहीच दुखलं नाही," आई म्हणाली. जणू दुखलं नसेल तर झालेलं खोडून काढता येणार होतं.

"यात दुखतंच असं नाही," डॉक्टर म्हणाले. पुढचा मोठा झटका येऊ नये म्हणून गोळ्या कायमच्या घ्यायच्या होत्या. गेलेलं दिसणं थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. मान डावीकडे वळवून पाहायची सवय लावून घ्यायची. वाहन चालवायचं नाही.

"आणि ट्रक?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही ट्रक चालवता?"

मी खुलासा केला. ते हसले आणि म्हणाले, तो खुशाल चालवा, उलट रोज चालवा, फक्त दर वेळी मान वळवा. आई हसली नाही.

काही दिवसांनी तिला घरी सोडलं. येताना सावनेर मागे पडलं. रस्त्यावर संत्र्यांचे ट्रक नागपूरच्या दिशेने चालले होते, गवताच्या काड्या मागे उडत होत्या. ती उजव्या खिडकीशी बसली होती.

"रोज जात होती मी," ती म्हणाली. "याच सडकेनं. अर्धीच सडक पाहून. शाळा सुटायच्या वेळेले रामाकोन्यात किती लेकरं असतात सडकेवर, तुले माहीत आहे?"

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण लक्ष तिचं तिकडे नव्हतं. ती त्या रस्त्यावरचं एकेक वळण आठवत असावी.

मी त्या दिवसांचा पुढे बराच विचार केला. दोन बिघाड एकाच वेळी झाले होते आणि मी त्यांना एकच समजून चालले होते. कॉम्प्युटर बंद पडत होता म्हणून मी त्या खोलीत बसून होते, आणि तो बंद पडत होता म्हणूनच आईचं म्हणणं मला मशीनचं वाटत होतं. पहिला बिघाड निघाला तेव्हा दुसरा उघडा पडला. कार्ड आणलंच नसतं तर काय झालं असतं, हे मी मनात सोडवायला घेते आणि अर्ध्यावर ठेवून देते. ते समीकरण सुटण्यासारखं नाही.

स्कूटी अंगणात राहिली ते आईला सोसवेना. येता-जाता तिच्याकडे पाहायची, मग पाहायचं टाळायची. चिडचिड करायची. एक महिना तिने ट्रकही चालवला नाही. मी पांढुर्ण्याला चल म्हटलं तर म्हणाली, "तिथं तरी मी काय पूर्ण पाहणार आहे?" मग एक दिवस तिनेच भूषणला बोलावलं. त्याच्या बायकोला, वैशालीला, गाडी शिकायची होती. आईने स्कूटी तिला दिली, पण शिकवीन मीच, या अटीवर. रोज सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानात वैशाली गोल गोल फिरायची आणि आई मधोमध उभी राहून ओरडायची, "आरसा पाहा! पोरी, आरसा कायले लावला आहे?" गोल फिरणाऱ्या वैशालीवर नजर ठेवताना आईला सारखी मान वळवावी लागत होती. हे तिने ठरवून केलं होतं की आपोआप झालं, मी विचारलं नाही.

आता वैशालीच तिला मागे बसवून बगीच्यात नेते. दिसणं किंचित परत आलं, कडेचं तेवढं अजून नाही. आई एकटीच राहते. दारातून जाताना आधी चौकट पाहते. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी कधी कधी तशीच राहून जाते.

यंदाही तोड सुरू झाली आहे. परवा मी गेले तेव्हा ती ट्रकवर होती. कुठल्याशा लहान गावाच्या बाहेर एक फाटा आला. तिने ट्रक थांबवला आणि बटण दाबून पडद्यावरचं दृश्य डावीकडे वळवलं. स्वतःची मानही वळवली, खरं तर त्याची गरज नव्हती. सडक दूरपर्यंत रिकामी होती. मागून गाड्या येऊन थांबल्या, त्यांचे हॉर्न सुरू झाले. ती जागची हलली नाही.

"आई, सडक मोकळी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"तिकडं शेत आहे वो. जांभळं-जांभळं काहीतरी लावलं आहे त्यायनं. आणि एक घर आहे, बाहेर कपडे वाळत टाकले आहेत." मागचा एक जण हॉर्नवरचा हात काढेचना. आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "थांब म्हणा त्याले जरासा. पाहून राहिली मी."